परतीची वाट : जुन्या गाडीचे इंडिकेटर आणि हॅझर्ड

डावा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवा मिणमिणायला लागतो. साइड लाइट चालू करून इंडिकेटर दिला तर तोच लाल दिवा उलट्या तालात विझतो. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा मंद उजळतो. जुनी पद्मिनी किंवा अँबेसेडर सांभाळणाऱ्याने यातले एखादे तरी लक्षण पाहिलेले असते. त्यावरचा ठरलेला उपायही त्याला पाठ असतो. आधी नवा फ्लॅशर, मग नवे बल्ब, मग स्टिअरिंगखालचा स्विच आणि तरीही फरक पडला नाही की ‘साहेब, सगळी वायरिंगच बदलून टाकू’.

बहुतेक वेळा यातल्या एकाही खर्चाची गरज नसते. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे सगळे तपासतात. दिव्यातून तो बॅटरीकडे परत कसा जातो, हे तपासायचे राहून जाते. जुन्या गाडीत ही परतीची वाट वायरची नसतेच, ती गाडीच्या पत्र्याची असते. वायर दिसते, तुटली तर कळते. पत्रा आणि स्क्रू यांच्यामध्ये साचलेला गंज दिसत नाही. या प्रकरणातली सगळी तपासणी ही अदृश्य वाट ध्यानात ठेवून करायची आहे.

हात, पट्टी, दिवा

वळण्याची खूण आधी हाताने करत. युरोपातल्या गाड्यांना पुढे दारांमधल्या खांबातून बाहेर येणारी, आत छोटा दिवा असलेली पट्टी आली. तिला ट्रॅफिकेटर म्हणत. मॉरिस मायनरवर ही पट्टी 1961 पर्यंत होती. अमेरिकेत ब्यूइकने 1939 च्या मॉडेलला मागे उघडझाप करणारे दिवे कारखान्यातूनच बसवून दिले आणि पुढच्या वर्षी ते समोरही आले. चारही दिवे एकदम लुकलुकवण्याची सोय, म्हणजे हॅझर्ड, मात्र बरीच उशिरा आली. अमेरिकी गाड्यांत ती 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. त्यामुळे त्याआधी आखलेल्या गाड्यांत हॅझर्ड दिसला, तर तो नंतर कोणीतरी बसवलेला असण्याची शक्यता मोठी.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांची गोष्ट यामुळेच थोडी गुंतागुंतीची होते. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 बाहेर पडत होती. तीच पुढे 1974 पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षे चाललेल्या गाडीची वायरिंग कारखान्यातून आली तशी राहिलेली नसते. प्रत्येक वायरमनने तिच्यात आपला एखादा जॉइंट सोडलेला असतो.

आता या गाड्या कामधंद्यातून सुटून हौसेच्या झाल्या आहेत. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदवता येते. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता या वयात आल्या आहेत. साहजिकच पत्रा घासून नवा रंग देण्याचे काम वाढले आहे. हा नवा रंगच इंडिकेटरचा नवा शत्रू आहे. का, ते पुढे येईल.

एका वळणाचा प्रवास

इंडिकेटरचे सर्किट समजायला सोपे आहे. बॅटरीचा करंट इग्निशन स्विचमधून फ्यूजकडे येतो, तिथून फ्लॅशरकडे, फ्लॅशरमधून स्टिअरिंगखालच्या दांडीच्या स्विचकडे. दांडी डावीकडे ढकलली की तो डाव्या बाजूच्या पुढच्या-मागच्या बल्बांना मिळतो, उजवीकडे ढकलली की उजव्या. बल्बच्या तारेतून गेला की होल्डर, दिव्याची प्लेट, स्क्रू, बॉडी आणि शेवटी बॅटरीचे दुसरे टोक. फेरा पूर्ण.

लुकास कंपनीच्या पद्धतीची वायरिंग असेल तर रंगच नकाशाचे काम करतात. हिरवी वायर म्हणजे इग्निशननंतर फ्यूजमधून आलेला करंट. फिकट हिरव्यावर तपकिरी रेघ असलेली फ्लॅशरकडून स्विचकडे जाते. हिरव्यावर लाल रेघ डाव्या दिव्यांची, हिरव्यावर पांढरी रेघ उजव्या दिव्यांची. काळी म्हणजे ‘अर्थ’, बॉडीला जोडलेली परतीची वाट. जांभळी म्हणजे चावी बंद असली तरी फ्यूजमधून कायम चालू असणारी. हे रंग कारखान्याचे. मधल्या काळात कोणी जे हाताला लागले त्या रंगाची वायर जोडली असेल तर नकाशा तिथे संपतो. म्हणून वायरच्या एका टोकाच्या रंगावर विसंबायचे नाही, दोन्ही टोके बघायची.

या फेऱ्यातली सर्वांत गमतीची वस्तू म्हणजे फ्लॅशर, बोटभर उंचीचा पत्र्याचा डबा. जुन्या लुकास एफएल-5 फ्लॅशरला तीन टोके असतात. ‘बी’ला बॅटरीकडचा करंट येतो, ‘एल’मधून तो दिव्यांकडे जातो आणि ‘पी’ला डॅशबोर्डवरचा दिवा जोडलेला असतो. आत एक बारीक ताणलेली तार असते. दांडी ढकलली की करंट या तारेतून जाऊ लागतो. तो इतका थोडा असतो की बल्ब पेटत नाही, पण तार तापते आणि लांबते. लांबली की तिने ओढून धरलेला कॉन्टॅक्ट मिटतो. आता करंटला सोपा रस्ता मिळतो, बल्ब झळकतो, तारेतला करंट थांबतो, ती थंड होऊन आखडते आणि कॉन्टॅक्ट पुन्हा उघडतो. टिक-टिक हा आवाज त्या कॉन्टॅक्टचा. दुसऱ्या जातीच्या फ्लॅशरला दोनच टोके असतात आणि आत तापल्यावर वाकणारी धातूची पट्टी असते. तिथे कॉन्टॅक्ट आधीपासून मिटलेला असल्याने दिवा लगेच लागतो आणि मग उघडझाप सुरू होते.

दोन्हींतला कळीचा मुद्दा एकच. या फ्लॅशरचा ताल बल्ब किती करंट ओढतात त्यावर ठरतो. एफएल-5 हा 42 वॅटसाठी बनवलेला, म्हणजे 21 वॅटचे दोन बल्ब. 12 व्होल्टला 21 वॅटचा एक बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, दोन मिळून साडेतीन. एक बल्ब गेला की करंट निम्म्यावर येतो आणि फ्लॅशर बिथरतो. पट्टीच्या फ्लॅशरमध्ये दिवा नुसता पेटून राहतो किंवा फार सावकाश चालतो. एफएल-5 मध्ये डॅशबोर्डवरचा दिवा लागेनासा होतो. हा बिघाड म्हणून नव्हे, सूचना म्हणूनच तसा बनवला आहे. ताल बिघडला की पहिला संशय बल्बवर घ्यायचा, डब्यावर नाही.

उघडझाप मिनिटाला 60 ते 120 वेळा असावी, हा जगभर मान्य झालेला आणि आपल्या नियमांतही असलेला पट्टा आहे. डायनामोच्या गाड्यांत मात्र सिग्नलला इंजिन सावकाश चालत असताना चार्जिंग जवळजवळ थांबते, हेडलाइट चालू असतील तर व्होल्टेज आणखी उतरते आणि इंडिकेटर मंदावतो. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून पाहावा. ताल सुधारला तर फ्लॅशर निर्दोष आहे.

हॅझर्डची साक्ष

गाडीला हॅझर्ड असेल तर सर्वांत चांगले तपासणी-यंत्र डॅशबोर्डवरच बसवलेले आहे. इंडिकेटर आणि हॅझर्ड दोघेही तेच चार बल्ब, त्याच शेवटच्या वायरी आणि तेच अर्थ वापरतात. वेगळी असते ती सुरुवात. हॅझर्डला करंट चावीशिवाय, थेट बॅटरीकडून, स्वतःच्या फ्यूजमधून मिळतो. काही गाड्यांत त्याला स्वतःचा जड फ्लॅशर असतो, काहींत एकच फ्लॅशर दोन्ही कामे करतो. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन्ही लावून बघावेत आणि गाडीभोवती एक फेरी मारावी.

हॅझर्डला चारही दिवे झळझळीत लागतात, पण इंडिकेटर एकाही बाजूला लागत नाही? मग बल्ब, होल्डर, मागपर्यंतच्या वायरी आणि अर्थ हे सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले. दोष सुरुवातीला आहे, म्हणजे चावीनंतरचा फ्यूज, इंडिकेटरचा फ्लॅशर किंवा दांडीचा स्विच. आणि आणखी एक जागा, जी हमखास सुटते ती म्हणजे हॅझर्डचे बटण. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा करंट हॅझर्डच्या बटणातूनच पुढे जातो. बटण बाहेर असताना आतला एक कॉन्टॅक्ट मिटलेला असतो आणि तोच इंडिकेटरला करंट देतो. वर्षानुवर्षे न दाबलेल्या बटणात या कॉन्टॅक्टवर काळा थर चढतो. अशा गाडीत दुसरे काही करण्याआधी ते बटण दहा-वीस वेळा दाबून सोडावे. इंडिकेटर क्षणभर जरी लागला तरी गुन्हेगार सापडला.

उलट, इंडिकेटर ठीक आणि हॅझर्ड मेलेला असेल तर हॅझर्डचा स्वतःचा फ्यूज, बॅटरीकडून येणारी वायर आणि त्याचा वेगळा फ्लॅशर एवढ्यातच शोध संपतो. एकच बाजू लागत नसेल आणि दुसरी नीट लागत असेल, तर फ्लॅशर बदलण्यात अर्थ नाही. फ्लॅशरला डावे-उजवे कळत नाही. हॅझर्डला ती बाजू लागत असेल तर दोष दांडीच्या स्विचमध्ये, तिथेही लागत नसेल तर त्या बाजूच्या वायरीत, बल्बमध्ये किंवा अर्थमध्ये. त्या बाजूचा एकच दिवा लागत नसेल तर उरले काय, फक्त तो बल्ब, त्याचा होल्डर आणि त्याची परतीची वाट.

आणि काहीच लागत नसेल, तर फ्लॅशरची परीक्षा घ्यायची. चावी चालू करून, दांडी एका बाजूला ढकलून फ्लॅशरची ‘बी’ आणि ‘एल’ टोके फ्यूज असलेल्या वायरच्या तुकड्याने जोडावीत. दिवे स्थिर पेटले तर बाकीचे सर्किट शाबूत आहे आणि आता फ्लॅशर बदलायला हरकत नाही. नाही पेटले तर नवा फ्लॅशरही काही करणार नाही.

होल्डरच्या आत

मागचा दिवा उघडला की आधी बल्बकडे नीट बघावे. 5 वॅटचा एक जुना बल्ब आणि 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब यांचे बूड एकाच मापाचे असते, त्यामुळे चुकीचा बल्ब निमूट बसतो आणि पेटतोही. फ्लॅशरला मात्र तो कमी भार वाटतो आणि ताल बिघडतो. बुडावरचा वॅटचा आकडा वाचल्याशिवाय बल्ब निर्दोष ठरवू नये.

बल्ब काढल्यावर त्याच्या बुडाशी शिशाचा थेंब दिसतो. तिथे मधोमध खड्डा पडला असेल तर स्प्रिंगची टोकदार जीभ तिथे घासत, ठिणग्या पाडत बसली होती असे समजावे. होल्डरच्या तळाशी फायबरची चकती असते, तिच्यामागची स्प्रिंग गंजून मेली की चकती वर येत नाही. बाजूच्या पितळी भिंतीवर हिरवट थर असतो. कोकणातल्या किंवा समुद्राजवळच्या गाडीत तो पावडरीसारखा झडतो. हा थर जिथे दिसतो तीच परतीच्या वाटेची पहिली पायरी. पेन्सिलीला गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने भिंत आतून घासावी आणि नवा बल्ब बसवण्याआधी पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवावे. बॅटरीचे टर्मिनल सोडवून हे काम करावे, कारण हॅझर्डची वायर चावी बंद असतानाही जिवंत असते.

लाल दिवा उलट्या तालात का विझतो?

आता सुरुवातीचे कोडे. मागच्या दिव्यात इंडिकेटर, टेल लाइट आणि ब्रेक लाइट यांचे होल्डर बहुधा एकाच पत्र्याच्या प्लेटवर बसवलेले असतात. ही प्लेट एक-दोन स्क्रूंनी बॉडीला टेकते, आणि तेवढाच तिन्ही दिव्यांचा अर्थ. समजा तो स्क्रू गंजला. इंडिकेटरचा करंट बल्बमधून प्लेटवर आला, पण बॉडीत उतरायला जागा नाही. हमरस्ता बंद झाला की वाहने गल्लीबोळांतून वाट काढतात, तसा हा करंट शेजारच्या टेल लाइटच्या बल्बमध्ये उलट्या बाजूने शिरतो, त्याच्या वायरीवर चढतो आणि पुढचे साइड लाइट, दुसऱ्या बाजूचा टेल लाइट, नंबर प्लेटचा दिवा यांच्या तारांमधून बॉडीपर्यंत पोहोचतो.

या वाटेवर अडथळा सर्वांत जास्त आहे तो शेजारच्या 5 वॅटच्या बल्बचा. पेटलेला असताना त्याचा रोध सुमारे 29 ओहम असतो, तर 21 वॅटच्या बल्बचा सुमारे 7. एका रांगेत आलेल्या बल्बांत ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. म्हणून लाल दिवा मिणमिणतो आणि इंडिकेटर जवळजवळ अंधारातच राहतो.

साइड लाइट चालू असताना चित्र उलटते. इंडिकेटरच्या बंद क्षणी टेल लाइटचा करंट प्लेटवरून इंडिकेटरच्या बल्बमध्ये शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरमधून बॉडी गाठतो, म्हणून लाल दिवा पेटतो. फ्लॅशरने करंट सोडला की प्लेटच्या दोन्ही बाजूंना 12 व्होल्ट येतात. दोन्हीकडे सारखेच व्होल्टेज, मग वाहणार कशाला? लाल दिवा विझतो. ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्डचा दिवा उजळतो तोही याच आडवाटेने. तीन वेगवेगळी लक्षणे, मूळ एकच गंजलेला स्क्रू.

याची खात्री करायला मीटरही लागत नाही. लांब वायरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला आणि दुसरे दिव्याच्या प्लेटला टेकवावे. सगळे दिवे शहाण्यासारखे वागू लागले तर निदान झाले.

अर्थ पूर्ण तुटलेला असेल तर अशी नाटकी लक्षणे दिसतात. अर्धवट असेल तर फसगत जास्त. समजा प्लेट आणि बॉडी यांच्यात फक्त दीड ओहमचा रोध आहे. बल्बचे सुमारे 7 आणि हा दीड, एकूण साडेआठच्या घरात. करंट पावणेदोन अँपिअरवरून सुमारे 1.4 वर येतो आणि 12 पैकी दोनेक व्होल्ट त्या गंजातच खर्च होतात. दोन व्होल्ट म्हणजे फार नाही असे वाटते. पण तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्याने उतरतो. दहा व्होल्टवर तो जेमतेम निम्मा राहतो. भर दुपारी मागच्या ट्रकवाल्याला असा इंडिकेटर दिसणारच नाही, आणि गाडीवाला मात्र आत टिक-टिक ऐकत निश्चिंत असेल.

हा दोष मल्टिमीटर चुकीच्या पद्धतीने लावला तर सापडत नाही. बल्ब काढून होल्डरमध्ये मोजले तर मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः नगण्य करंट घेतो आणि एका केसाएवढ्या तारेतूनही त्याचे भागते. मोजायचे ते बल्ब पेटलेला असताना. फ्लॅशरची टोके जोडून दिवा स्थिर पेटवावा, मीटरचे एक टोक बल्बच्या पितळी बुडावर आणि दुसरे बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलवर ठेवावे. आदर्श आकडा शून्य. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर परतीची वाट खराब आहे. साधा टेस्ट लॅम्पही इथे मीटरपेक्षा खरा बोलतो, कारण त्याला पेटायला खराच करंट लागतो.

नव्या रंगाचा मुद्दा इथेच येतो. बॉडी उघडी करून प्रायमर, रंग आणि लॅकरचे थर चढवले की स्क्रूच्या भोकाचा काठही रंगतो. रंग हा उत्तम इन्सुलेटर आहे. मग आरशासारखी चकाकणारी गाडी प्रदर्शनातून घरी येते आणि तिचे इंडिकेटर रंगकामाआधीपेक्षा वाईट चालतात. उपाय असा, की दिव्याच्या स्क्रूखाली नाण्याएवढी जागा पत्रा चकाकेपर्यंत घासावी, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळावा आणि वरून जेली लावून ती जागा पावसापासून झाकावी. ज्याला महागाचा रंग खरवडायचा जीव होत नाही, त्याने प्रत्येक दिव्याच्या प्लेटला लग लावून स्वतंत्र काळी वायर डिकीतल्या एका चांगल्या अर्थ पॉइंटपर्यंत ओढावी. बाहेरून काही दिसत नाही आणि काम कायमचे होते.

‘डायरेक्ट केलंय’

जाणारी वाट तपासताना सर्वांत जास्त वेळ खातात ती पूर्वीच्या दुरुस्त्यांची ठिकाणे. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली असते. स्विचचा एक कॉन्टॅक्ट गेला म्हणून वायर बाहेरूनच ‘डायरेक्ट’ केलेली असते. नुसती पिळून काळी टेप लावलेला जॉइंट असतो, ज्याच्या टेपचा गोंद उन्हाने वितळून धूळ धरतो. अशा प्रत्येक जागी मूळ दोष दुरुस्त न होता फक्त झाकला गेलेला असतो. डायरेक्ट केलेली वायर दिसली की ती काढण्याआधी विचारावे, ही कोणत्या दोषामुळे टाकावी लागली असेल? तो दोष अजून तिथेच आहे.

फ्यूजबद्दल एक बारकावा. ब्रिटिश गाड्यांतल्या काचेच्या नळीच्या फ्यूजवरचा 35 अँपिअरचा आकडा हा फ्यूज उडण्याचा आहे, सतत वाहण्याचा करंट त्याच्या निम्माच. आजच्या पात्याच्या फ्यूजवरचा आकडा वेगळ्या अर्थाचा असतो. आकड्याला आकडा जुळवून नवा 35 चा फ्यूज घातला तर फ्यूजआधी वायर जळेल.

दांडीच्या स्विचचा दोष हाताला कळतो. दांडी ढकलून बोटाने थोडी खाली-वर हलवल्यावर दिवा लागत असेल तर कॉन्टॅक्ट झिजले आहेत. स्टिअरिंग फिरवल्यावरच लागतो किंवा विझतो असे असेल तर कॉलममध्ये वळणाऱ्या वायरीची तार इन्सुलेशनच्या आत तुटलेली असते. दांडी आपोआप परत येत नाही हा दोष मात्र विजेचा नाही, आतला खटका मोडलेला असतो.

एलईडीची हौस

तारेचा बल्ब काढून एलईडी बसवला की जुना फ्लॅशर गप्प होतो. त्यात आश्चर्य काही नाही, एलईडी इतका थोडा करंट घेतो की आतली तार किंवा पट्टी तापतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावला की उघडझाप सुरू होते. मात्र त्याला प्लस-मायनस सरळ लागते. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेले असे. तापणाऱ्या तारेच्या फ्लॅशरला याने फरक पडत नव्हता, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर अशा गाडीत जळू शकतो.

त्यानंतरही एक विचित्र प्रकार होतो. डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकतात. हे घडते दोन्ही बाजूंसाठी डॅशबोर्डवर एकच दिवा असलेल्या काही गाड्यांत. तिथे तो दिवा डाव्या आणि उजव्या वायरीच्या मधोमध जोडलेला असतो. डावी बाजू चालू असताना त्याला अर्थ मिळतो तो उजव्या बाजूच्या बल्बांच्या तारांमधून. तेवढ्या करंटने 21 वॅटची तार तांबडीही होत नाही, म्हणून कोणाला कळत नव्हते. एलईडीला मात्र तेवढा करंट भरपूर होतो. उपाय डॅशबोर्डवरच्या दिव्याशी आहे. दोन डायोड लावून दोन्ही बाजूंचा करंट त्याला द्यावा आणि त्याला स्वतःचा अर्थ द्यावा. याच रचनेमुळे अशा गाड्यांत हॅझर्ड लावल्यावर तो हिरवा दिवा लागत नाही, दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज असते. हॅझर्डला स्वतंत्र लाल दिवा द्यावा लागतो तो यासाठी.

नसलेला हॅझर्ड बसवताना

रात्री घाटात बंद पडलेल्या जुन्या गाडीला हॅझर्ड ही चैन नव्हे. तो बसवताना डाव्या-उजव्या वायरी एका साध्या स्विचने जोडून टाकण्याची युक्ती सर्रास केली जाते. ती दोन कारणांनी वाईट. चार बल्ब मिळून 84 वॅट, म्हणजे 7 अँपिअर, 42 वॅटच्या फ्लॅशरमधून ओढले जातात. शिवाय चावी चालू ठेवल्याशिवाय ते लागत नाहीत, आणि बंद गाडीत चावी चालू ठेवणे म्हणजे इग्निशन कॉइल तापवत बसणे. नीट रचनेत बॅटरीकडून 10 किंवा 15 अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजमधून वायर येते, चार बल्बांचा भार पेलणारा फ्लॅशर असतो आणि दोन वेगळ्या कॉन्टॅक्टांचा स्विच असतो. स्विच बंद केला की डावी आणि उजवी बाजू एकमेकींपासून पूर्ण सुटल्या पाहिजेत.

चौकात सरळ जायचे म्हणून हॅझर्ड लावणाऱ्यांनीही हे सर्किट एकदा समजून घ्यावे. हॅझर्ड चालू असताना चारही बल्ब एकाच तालात बांधलेले असतात आणि दांडी ढकलून काही उपयोग होत नाही. बाजूने येणाऱ्याला फक्त एकच दिवा दिसतो आणि तो समजतो, ही गाडी वळणार.

काम संपल्यावर दोन गोष्टी कराव्यात. एका कागदावर वायरीचे रंग, नवे जॉइंट आणि अर्थ पॉइंट कुठे आहेत ते काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावे. आणि चावी बंद करून हॅझर्ड पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. मग बोटांच्या पाठीने फ्यूज बॉक्स, स्विचची मागची बाजू, कपलर आणि दिव्यांच्या प्लेटचे स्क्रू एकेक करून चाचपावेत. वायरिंगला 7 अँपिअरचा भार काहीच नाही, त्यामुळे सगळे गार लागले पाहिजे. जिथे कोमट लागेल तिथे व्होल्ट उष्णतेत खर्च होत आहेत. दिवा आज नीट लागत असला तरी ती जागा आजच उघडून साफ करावी.